कागुद काय म्हंतोय?

आयुष्यात मी पाहिलेला सर्वांत भित्रा माणूस कबरस्तानाचा राखणदार होता. हे सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं, भुताखेतांना भीत असेल. दस्तगीरमामू भुतांना अजिबात भीत नव्हते. दुपारी दोन कबरींच्या मधल्या सावलीत घोंगडं टाकून खुशाल घोरत पडायचे. पण फाटकापाशी एखादी बैलगाडी थांबली, तिच्यातून एखादं अनोळखी म्हातारं माणूस काठी टेकत उतरलं, की मामूंच्या हातातलं खोरं गळून पडायचं आणि ते कडुनिंबाच्या बुंध्याआड जाऊन उभे राहायचे. माणूस सहा फूट उंच, आडव्या हाडाचा. बुंधा त्यांच्या निम्म्यानंही रुंद नव्हता. दोन्हीकडून खांदे बाहेर दिसायचे, मुंडाशाचं टोक दिसायचं, आणि तरी मामू श्वास रोखून उभे असायचे.

आमची पहिली भेट अशीच झाली. मी फाटक ढकलून आत आलो तर ओली माती, पडलेलं खोरं आणि माणसाचा पत्ता नाही. मग झाडातून आवाज आला, "कोन पावणं? कुनाचं?"

"कुणाचा नाही. इस्पितळाचा नवा रायटर आहे."

"आत कोन हाय का तुमचं? पुरल्यालं?"

"नाही हो."

तेव्हा कुठं मामू झाडाआडून बाहेर आले आणि मोकळेपणानं हसले. हातातला कागद त्यांच्यापुढं धरला, तर त्यांनी तो घेतला नाही. दोन्ही हात धोतराला पुसत मान पुढं करून विचारलं, "कागुद काय म्हंतोय?"

त्या काळी कोल्हापुरात महाराजांची कारकीर्द होती आणि जगात जर्मनची लढाई चालली होती. लाईन बाजाराजवळच्या जुन्या बराकींत लढाईतून परत आलेल्या आजारी आणि जखमी शिपायांसाठी इस्पितळ उघडलं होतं. माझं शिक्षण बेताचंच, पण अक्षर मोत्यासारखं. तेवढ्यावर मला तिथं लिहिण्याची नोकरी लागली. त्या अक्षराचा मला भारी गर्व होता. शिपाई वारला की एक लहानशी चिठ्ठी लिहायची: नाव, नंबर, पलटण, धर्म. चिठ्ठी प्रेताबरोबर जायची. हिंदू असेल तर नदीवरच्या स्मशानात, मुसलमान किंवा गोरा असेल तर ओढ्याकाठच्या ह्या लष्करी कबरस्तानात. डाव्या हाताला साहेबांच्या कबरी, उजव्या हाताला मुसलमान शिपायांच्या. मधून मामूंनी लाल मुरमाची पायवाट केली होती आणि ती रोज झाडत असत.

मामू आधी वीस वर्षं पलटणीत पखालवाले होते. पाण्यानं भरलेली कातडी पखाल वाहून त्यांचा डावा खांदा कायमचा खाली आला होता, त्यामुळं ते नेहमी कुणाचं तरी हळू बोलणं ऐकायला वाकल्यासारखे दिसायचे. लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून प्रेत आलं की आधी तो प्रश्न, "कागुद काय म्हंतोय?" मी वाचून दाखवायचो. मुसलमान म्हटलं की उजवीकडं खड्डा, तोंड मावळतीकडं. गोरा म्हटलं की डावीकडं. चिठ्ठी घडी घालून ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. कुठली चिठ्ठी कुठल्या कबरीची, हे त्यांना न वाचता आठवायचं.

"मामू, पलटणीत होता म्हणे तुम्ही! आणि म्हाताऱ्या माणसांना बघून पळता?" मी एकदा चेष्टा केली.

"गोळ्या चालत्यात तितं पानी न्हेलंय मी," मामू म्हणाले. "तवा न्हाई भ्यालो. पर इचारत येत्यात न्हवं, त्यास्नी बघितलं की पोटात गोळाच येतोय. म्येल्यालं मानूस काय इचारत न्हाई ओ."

मग त्यांनी शाहूवाडीकडच्या एका म्हाताऱ्याची हकिकत सांगितली. हे मी यायच्या आधीचं. लेक इथं पुरलाय असं कळल्यावर म्हातारा दोन दिवस चालत आला होता, बरोबर नव्या तांदळाचं गाठोडं. कबरीपाशी बसला, रडला नाही. उठताना त्यानं एकच विचारलं, "दाढी वाढलीती का हो त्येची?" मामूंना सांगता येईना. चादरीत गुंडाळलेला आला, तसाच त्यांनी ठेवला होता. म्हातारा थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला आणि निघून गेला. तांदूळ तिथंच राहिले.

"त्या दिसापास्नं मी येकेकाचं त्वांड बघून ठिवतो, रायटर," मामू म्हणाले. "कोन कवा येईल आन काय इचारंल, काय सांगता येतंय? न्हाईच सांगता आलं तर काय त्वांड दाखवायचं?"

आणि खरंच, मामूंना सगळ्यांचे चेहरे पाठ होते. ह्याच्या हनुवटीला खाच होती, तो कुशीवर झोपल्यासारखा आला होता, ह्या साहेबाचं वय जेमतेम अठरा असेल, वरच्या ओठावर लव होती नुसती. ते हे सांगू लागले की मी विषय बदलायचो. मला प्रेताकडं बघवत नसे. इस्पितळात दीड वर्ष काढलं, शेकडो चिठ्ठ्या लिहिल्या, पण एकाही मेलेल्याचं तोंड मी पाहिलं नव्हतं. टेबल व्हरांड्यात होतं, तिथून नुसती चादर दिसे. तेवढं मला पुरत असे.

मामूंना मी भित्रा म्हणत होतो, पण माझ्याही पोटात एक गोळा होता. माझा थोरला भाऊ श्रीपती लढाईवर गेला होता. बसऱ्याहून त्याची पत्रं यायची, ती चार महिन्यांपासून बंद होती. आमचं गाव गडमुडशिंगी. आई दर आठवड्याला तिथून चालत लाईन बाजारात माझ्या खोलीवर यायची, दारातच उभी राहून माझ्या तोंडाकडं बघायची आणि मी मान हलवली की आत येऊन पाणी प्यायची. पत्राचं नाव ती काढत नसे.

श्रीपतीच्या आधीची आईची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. म्हणून तो झाल्यावर तिनं त्याला गावच्या पीराच्या ओटीत घातला. आमच्याकडं मराठ्यांच्या घरांतही ही रीत आहे. दर मोहरमला त्याला फकीर करायचे. गळ्यात हिरवा नाडा, हातात झोळी, पाच घरं मागून आणायची. त्याच्या गळ्यात पीराचा तांब्याचा ताईत असायचा, आईनं स्वतःच्या चोळीच्या लाल खणात शिवलेला. तो ताईत घालूनच श्रीपती चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर जायचा, गुलालात लाल होऊन यायचा, आणि तिथल्याच एका खेपेला त्यानं डाव्या मनगटावर घोड्यावरचा जोतिबा गोंदवून घेतला होता. एका अंगावर पीर आणि जोतिबा दोघे होते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

पावसाळा संपता संपता मानमोडीची साथ आली. पुस्तकांत तिला इन्फ्लुएन्झा म्हणतात. सकाळी ज्याच्याशी बोललो, तो संध्याकाळी निळा पडलेला असे. पेठांमधली दारं दिवसासुद्धा बंद राहू लागली. रस्त्यात कुणी खोकलं तर लोक पलीकडच्या बाजूला पळत. इस्पितळात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा कंपाउंडर शनिवारी डोकं धरून घरी गेला आणि सोमवारी त्याची चिठ्ठी मी लिहिली. त्या दिवसापासून मी नाकाला कापराची पुरचुंडी बांधून बसू लागलो. अक्षर मात्र बिघडू दिलं नाही.

अशाच एका सकाळी मुंबईकडून आजाऱ्यांची आगगाडी आली. स्टेशनावरून बैलगाड्यांत घालून माणसं आणली. एकेका गाडीत चार-चार. कुणाच्या गळ्यात नावाचं कार्ड, कुणाचं गर्दीत तुटून पडलेलं. एक जण इस्पितळाच्या दारातच गाडीत गेला. आमच्याकडं परमुलखातून आलेला एक वॉर्डबॉय होता, तो खालून ओरडला, "ह्याचं कार्ड नाही!"

डॉक्टर आतूनच म्हणाले, "हिंदू की मुसलमान?"

"गळ्यात ताईत आहे."

मी व्हरांड्यात होतो. गाडी माझ्यापासून दहा-बारा हातांवर. ताईत हा शब्द ऐकून मला घर आठवायला हवं होतं. निदान खाली उतरून चार पावलं टाकायला हवी होती. पण श्रीपती बसऱ्यात होता, समुद्रापलीकडं. माझ्या मनात तो तिथून हललाच नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मनात भाऊ नव्हताच, कंपाउंडर होता. मी कापूर नाकाशी दाबला आणि बसल्या जागी लिहिलं: नाव अज्ञात, नंबर अज्ञात, पलटण अज्ञात, मुसलमान.

साथ आल्यापासून चिठ्ठी मी कचेरीच्या शिपायाकडून पाठवत असे, पण तोही भीतीनं गावी पळाला होता. तेव्हा मीच गाडीच्या मागं बराच लांबून चालत गेलो. फाटकाच्या बाहेर थांबलो. मामूंनी आतून हाक दिली, "कागुद काय म्हंतोय?"

"मुसलमान!" मी ओरडून सांगितलं. "नाव नाही. डॉक्टरांचा हुकूम आहे, हात लावू नका, आंघोळ घालू नका, चुना टाका आणि बुजवा."

मामू गाडीकडं गेले. थोड्या वेळानं परत फाटकाशी आले. चेहरा कसनुसा झाला होता.

"रायटर, नीट बघा की जरा. कागुद काय म्हंतोय?"

मामूंनी एकच गोष्ट दोनदा विचारलेली मी कधी ऐकली नव्हती. पण मला तिथून पळायचं होतं. "एकदा सांगितलं ना मामू? मुसलमान!" मी खेकसलो, चिठ्ठी फाटकाच्या सळईत अडकवली आणि मागं न बघता निघालो.

पुढं साथ ओसरली. लढाईही संपली. गावात साखर वाटली, शाळांना सुटी मिळाली. पलटणी परत येऊ लागल्या. आई आता आठवड्यातून दोनदा यायची. स्टेशनावर जाऊन उतरणाऱ्या शिपायांचे चेहरे न्याहाळत उभी राहायची आणि मग माझ्या खोलीवर येऊन गप्प बसायची. एका संध्याकाळी मला ते सहन होईना. मी कबरस्तानात गेलो. मामू पायवाट झाडत होते. मी निंबाखाली बसलो आणि पहिल्यांदाच त्यांना श्रीपतीविषयी सगळं सांगितलं. दोन मुलं गेली ते सांगितलं, मोहरमची फकिरी सांगितली, लाल खणातला ताईत, मनगटावरचा घोडा. सांगता सांगता मला बरं वाटत होतं. मामूंचा झाडू कधी थांबला, ते माझ्या लक्षात आलं नाही.

"कुटलं मनगाट?" त्यांनी विचारलं.

"डावं."

मामू झाडलेलीच जागा पुन्हा झाडू लागले.

त्यानंतर मी दोनदा गेलो तर मामू जागेवर नव्हते. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मला कडुनिंबाच्या दोन्ही बाजूंनी खांदे दिसले. मामू माझ्यापासून लपत होते! आधी मला हसू आलं. "मामू, मी आहे, रायटर!" अशी हाक मारली. खांदे हलले नाहीत. मुंडाशाचं टोक मात्र थरथरत होतं. मग माझं हसू विरलं. मी तिथूनच परत फिरलो.

मामू कुणाला भीत, ते मला ठाऊक होतं. ज्याचं कुणीतरी आत आहे, त्याला. हे कोडं सोडवायला काही हुशारी लागत नव्हती, पण मी ते सोडवायचं टाळलं. आठ-दहा दिवस मी भाकरी खाल्ली, कचेरीत बसलो, चिठ्ठ्या लिहिल्या. छातीत सारखं कुणीतरी दार वाजवतंय आणि आपण कडी काढत नाही, असं चाललं होतं. मग पलटणीचं पत्र आलं, गावच्या पाटलांमार्फत माझ्याकडं. श्रीपतीला ताप आला म्हणून बोटीतून मुंबईला उतरवलं होतं आणि आजाऱ्यांच्या गाडीनं कोल्हापूरच्या इस्पितळात पाठवलं होतं. पुढची खबर इस्पितळाकडं विचारावी.

म्हणजे मला विचारावी.

मी पत्र घेऊन तडक कबरस्तानात गेलो. मामू झाडाआड होते. ह्या खेपेला मी झाडाला वळसा घालून त्यांच्या समोर उभा राहिलो. पत्र वाचून दाखवलं नाही, नुसतं पुढं धरलं. मामूंनी ते बघितलं, आणि एवढा मोठा माणूस खाली बसला.

"मी चादर बाजूला केली, रायटर," ते म्हणाले. "पानी घालू नगा म्हनला डाक्टर. पर पानी न्हाई तर माती तरी फिरवाय पायजे की, आमच्यात तसं चालतंय. म्हनून मातीवर हात मारला, त्येच्या त्वांडावरनं फिरीवला, मग हातावरनं फिरवाय गेलो तर डाव्या मनगटाव घोडा. घोड्याव द्येव. माजा हात तितंच ऱ्हायला. मी तुमाकडं आलो. दोनदा इचारलं तुमाला. कागुद म्हनला मुसलमान, मनगाट म्हनलं जोतिबा. मी कागदाचं आयकलं. सायबाचा कागुद, आपून कोन? भ्यालो, रायटर. लई भ्यालो."

त्यांनी बिस्किटांचा डबा उघडला. चिठ्ठ्यांच्या खाली फडक्यात बांधलेला ताईत होता. लाल खण विटला होता, पण शिवण आईची होती. एरवी मला अशा गोष्टी ओळखू येत नाहीत, पण ती शिवण पाहताक्षणी ओळखू आली.

"कुनी इचारत आलं तर दाखवाय म्हनून काडून ठिवला," मामू म्हणाले. "आन मग तुमीच आलासा."

मी रडलो की नाही, आठवत नाही. भीती मात्र पक्की आठवते. भाऊ गेला, ह्या दुःखाच्याही आधी माझ्या मनात आलं, आता आई विचारणार. तुझा भाऊ तुझ्या दारात आला होता, घरापासून अडीच-तीन कोसांवर, आणि तू काय केलंस? ह्याचं उत्तर काय द्यायचं? स्वतःची लाज वाटते, पण मनात आलं ते हे असं होतं.

दुसऱ्या दिवशी आई आली. मी मान हलवायच्या आधीच तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि उंबऱ्यातच टेकली. मग म्हणाली, "कुटं हाय?"

वाटेत मी तिला एवढंच सांगितलं की श्रीपतीचं कार्ड हरवलं होतं आणि त्याला मुसलमान समजून पुरलं. ती माझ्या पुढं दोन पावलं, झपाझप चालत होती. मला वाटत होतं, मामू नेहमीसारखे झाडाआड असतील, आईला हाका मारायला लागतील आणि तेवढा वेळ मला मिळेल. पण मामू फाटकातच उभे होते. मुंडासं नीट बांधलेलं, हातात डबा. एकदा नजर निंबाकडं गेली. तरी माणूस जागचा हलला नाही.

"माजा ल्योक हितं हाय म्हंत्यात," आई म्हणाली.

"हाय, आक्का. या."

कबर उजव्या हाताला, ओढ्याच्या बाजूला होती. मामूंनी दोन्ही हातांनी ताईत पुढं केला. आईनं तो उलटा-पालटा केला, नाकाशी धरला, शिवणीवरून अंगठा फिरवला. "ह्यो माज्या चोळीचा खण," ती म्हणाली. मग विचारलं, "तुमी त्वांड बघितलासा त्येचं?"

"बघितलं. झोपल्यागत हुतं. दाढी चार दिसाची वाढलीती. कपाळ ह्या रायटरवानीच, आन भिवईपशी ल्हान वण."

"बैलानं मारल्याला," आई म्हणाली आणि खाली बसली. मातीवर हात ठेवून ती बराच वेळ बसली होती. मी उभा होतो, मामू उभे होते. ओढ्यावर कुणीतरी म्हशी धूत होतं, त्यांचा आवाज येत होता. आणि मग ते आलंच.

"आमच्यात जाळत्यात, दादा. ह्येला मातीत का घातलं? ह्यो मुसलमान म्हनून कुनी सांगिटलं तुमाला?" मामूंनी तोंड उघडायच्या आत तिनं मान माझ्याकडं वळवली. "गणू, तू तर तितंच असतोस की रं. कागुद तू लिवतोस न्हवं?"

मी कबरीच्या मातीकडं बघत राहिलो. दोन शब्द बोलायचे होते, तेही निघेनात.

"रायटर त्या दिशी तापानं पडल्यालं हुतं, आक्का," मामू म्हणाले. "मानमोडी न्हवती का? कागुद न्हवताच. कार्ड न्हाई, कागुद न्हाई. ताईत बघून मीच ठरीवलं. चूक झाली ती माजी."

ज्या माणसानं जन्मभर कागदाला विचारल्याशिवाय मातीला खोरं लावलं नाही, तो माझ्या आईच्या डोळ्यांत बघून सांगत होता की कागद नव्हता. आणि मी गप्प राहिलो. आजवर अनेक वेळा मी तो क्षण मनात पुन्हा जगलोय, आणि प्रत्येक वेळी बोललोय. त्या दिवशी नाही बोललो.

आई उठली. मामूंनी मान खाली घातली, आता आपल्याला मारणार अशा समजुतीनं खांदे आवळले. आईनं हात उचलला तो त्यांच्या दंडावर ठेवला.

"दोन लेकरं ग्येली तवा ह्येला मी पीराच्या वटीत घातला हुता," ती म्हणाली. "त्येनं दिला, त्येनंच ठिवून घ्येतला. आता तितनं उटवू नगा त्येला. भिऊ नगा, दादा. तुमी त्येचं त्वांड तरी बघितलं."

शेवटचं वाक्य ती मामूंना म्हणाली होती. पण लागलं ते मला.

ताईत मामूंनी कबरीच्या उशाला पुरला. आई ओढ्यावर हातपाय धुवायला गेली, तेव्हा त्यांनी डब्यातून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात कोंबली. "चुलीत घाला."

"मामू, तुम्ही खोटं का बोललात?"

"तिला दोन ल्योक हुतं," मामू म्हणाले. "येक मी मातीत घातला. दुसरा बी घालू व्हय?"

पुढं दर मोहरमला आई चोंगे, म्हणजे गुळाच्या गोड पोळ्या, घेऊन त्या कबरीवर जायची आणि चैत्रात जोतिबाचा गुलाल. लष्करी कबरस्तानातल्या त्या एका कबरीवर हिरवी चादर आणि तिच्यावर गुलाल, असा प्रकार होता. साहेब तपासणीला यायच्या दिवशी मामू पहाटे उठून गुलाल झाडून काढायचे आणि साहेब गेला की पुन्हा टाकायचे. आईला ते "दादा" म्हणू द्यायचे. फाटकापाशी गाडी थांबली तरी ते आता झाडाआड जात नसत. मुंडासं सारखं करायचे, पण जागेवर उभे राहायचे. लपायची पाळी माझी होती. आई "गणू, येक इचारू का रं?" म्हणाली की मी काही ना काही काम काढून अंगणात जायचो. बहुतेक वेळा तिला मीठ संपलंय का, एवढंच विचारायचं असायचं.

काही वर्षांनी मामू गेले, साध्या तापानं, चार दिवसांत. त्यांना त्यांच्या बिरादरीच्या कबरस्तानात ठेवलं. मी मयताला गेलो होतो. शेवटचं दर्शन घ्यायला लोक पुढं होऊ लागले, तेव्हा माझे पाय नेहमीप्रमाणं मागं सरकले. मग मी लोकांना बाजूला करून पुढं गेलो आणि वाकून मामूंचं तोंड पाहिलं. आयुष्यात मी पाहिलेलं ते पहिलं मेलेलं तोंड. कुणी कधी विचारत आलं, तर मला सांगता येईल. दाढी वाढली होती, सगळी पांढरी. डावा खांदा तेव्हाही खालीच होता.

आई त्यानंतर बारा वर्षं जगली. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. तिला कळलं होतं की काय, ही भीतीही मला आहेच. चिठ्ठी मी चुलीत घातली नाही. ती माझ्या ट्रंकेत आहे. चार घड्यांवर विरली आहे, पण अक्षर अजून वाचता येतं, एकही वेलांटी वाकडी नाही. मामू, ज्यांच्यापुढं ती चूक तुमच्या नावावर राहिली, त्यांतलं आता कुणी उरलं नाही. तरीही लिहून ठेवतो. कागद होता. तो मी लिहिला होता.